टिंब अकरा घरं उजवीकडे

ज्याच्या घरात प्रिंटर, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, अशी बेळगावच्या गल्ल्यांची श्रद्धा आहे. म्हणून गणपतीच्या वर्गणीदारांची यादी माझ्या गळ्यात पडली. मंडळातल्या एका उत्साही पोराने प्रत्येक मोबाईल नंबराआधी ९१ चिकटवलं होतं. झाले बारा आकडे, आणि बारा आकडे दिसले की एक्सेलच्या अंगात येतं. नावापुढे नाव, आणि बहुतेकांपुढे ९.१९ई+११.

"काय गा हे?" खजिनदार मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "वर्गणीचा आकडा काय?"

म्हटलं, मामा, ई प्लस अकरा म्हणजे दहाचा अकरावा घात. टिंब अकरा घरं उजवीकडे न्यायचं, आकडे संपले की शून्यं भरायची. मामांनी पावतीच्या पाठीवर बोट ठेवून सरकवलं. ९१९, पुढे नऊ शून्यं. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच.

"म्हणजे आख्ख्या गल्लीत एकच फोन हाय म्हण की!"

खरं तर रकान्याचा फॉर्मॅट 'नंबर' केला, दशांश शून्य ठेवले की मूळ आकडे परत येतात. पण पोराने फाईल सीएसव्ही, म्हणजे नुसत्या साध्या मजकुराची करून ठेवली होती, आणि सीएसव्हीत डोळ्यांना दिसतं तेवढंच जातं. ९४४८ वाले सगळे ९.१९ झाले, ९८४५ वाले तर थेट ९.२. गिळलेले आकडे कुठल्याच टिंबाने परत येत नाहीत.

एवढ्यात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असलेली भाची वही घेऊन आली. ॲव्होगॅड्रोचा आकडा, म्हणजे रसायनशास्त्रात एका मोलमधले कण, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. भास्कराचार्यांची संख्यांच्या नावांची यादी परार्धाला, म्हणजे एकावर सतरा शून्यांना थांबते. हिशोब केला तर साठ लाख बावीस हजार परार्ध! मामा खूश झाले, "आता कसं मराठीत कळालं." इलेक्ट्रॉनचं वजन, साधारण नऊ गुणिले दहाचा उणे एकतिसावा घात किलो, मात्र त्यांना पटेना. टिंबापुढे तीस शून्यं आणि मग कुठे नऊ? "एवढं हलकं मोजायला तराजू कुठला?"

शेवटी पोरं घरोघरी फिरून नंबर पुन्हा घेऊन आली. कोपऱ्यावरच्या आजींनी लँडलाईन दिला, ०८३१ सकट. मी टाइप केला आणि एक्सेलने पुढचं शून्य खाल्लं.

"तिकडं नऊ फुकट देतंय," मामा म्हणाले, "आणि आजीचं एक ठेवायला होईना व्हय?"

मी आकड्याआधी वरचा स्वल्पविराम ठोकला. शून्य गुमान बसलं.