बुडाली ती टायटॅनिकच

दर एप्रिलमध्ये एक मजकूर मोबाइलवर फिरत येतो. त्याचं म्हणणं असं: १९१२ साली बुडाली ती टायटॅनिक नव्हतीच. व्हाइट स्टार लाइनची तिची जुळी बोट ऑलिम्पिक अपघातात निकामी झाली होती. कंपनीने नावं बदलली आणि विम्याच्या पैशांसाठी तिला मुद्दाम बुडवलं. चांगल्या वाचत्या माणसांनाही हे पटलेलं पाहते, म्हणून मुद्द्यामुद्द्याने लिहिते आहे.

अपघात खरा आहे. २० सप्टेंबर १९११ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या सोलेंट सामुद्रधुनीत ‘हॉक’ ही ब्रिटिश युद्धनौका ऑलिम्पिकच्या मागच्या भागावर धडकली. दोष ऑलिम्पिकच्या माथी आला, भरपाईही मिळाली नाही. पण निकामी? बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत दुरुस्त होऊन ती नोव्हेंबरअखेर पुन्हा न्यूयॉर्कच्या फेऱ्या करू लागली, तीही हिवाळ्यातल्या अटलांटिकवर. त्या फेऱ्या करणारी टायटॅनिक असणं शक्यच नाही, कारण तिचं काम तेव्हा त्याच गोदीत अर्धवट होतं. त्यानंतर दोघी बेलफास्टला एकत्र आल्या त्या मार्च १९१२ च्या सुरुवातीला, ऑलिम्पिकच्या प्रोपेलरचं पातं तुटलं तेव्हा. तेही जेमतेम आठवडाभर.

आणि विमा. बोट बांधायला सुमारे १५ लाख पौंड लागले, विमा होता १० लाखांचा.

सगळ्यात जास्त दाखवला जाणारा पुरावा म्हणजे गोल खिडक्या. सी डेकवर (डेक म्हणजे बोटीचा मजला) पुढच्या बाजूला ऑलिम्पिकला १४ आणि टायटॅनिकला १६, मग पाण्यात सोडतानाच्या फोटोत टायटॅनिकला १४ कशा? कारण उरलेल्या दोन खिडक्या मागाहून, आतलं काम चालू असताना बसवल्या. ऑलिम्पिकलाही पुढे त्या बसवल्या गेल्या. खरा फरक वेगळ्याच ठिकाणी होता. टायटॅनिकच्या ए डेकवरच्या फिरण्याच्या गॅलरीचा पुढचा अर्धा भाग खिडक्या लावून बंद केला होता. ऑलिम्पिकची तीच गॅलरी शेवटपर्यंत उघडी राहिली. बी डेकवर टायटॅनिकला जादा खोल्या काढल्या, त्यामुळे तिथल्या खिडक्यांमधली अंतरं कमीजास्त झाली. समुद्रतळावरच्या अवशेषांत हेच दिसतं. तिथल्या प्रोपेलरवर टायटॅनिकचा बांधणी क्रमांक ४०१ आहे, पण प्रोपेलर बदलता येतो, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवत नाही. आठवड्याभरात डेकच्या डेक बदलता येत नाहीत.

कॅलिफोर्नियन नावाची बोट प्रवाशांना उचलायला मुद्दाम थांबवली होती, असंही सांगतात. ती बर्फामुळे थांबली होती आणि तिचा वायरलेस ऑपरेटर झोपला होता. वाचवायची योजना असती तर रात्री ११:४० ला, ताशी २२ सागरी मैलांच्या आसपासच्या वेगाने, सुमारे २२०० माणसं घेऊन हिमनगावर कोण जाईल? होड्यांत जागा होती ११७८ जणांची.

व्हाइट स्टार ज्याच्या उद्योगसमूहात होती तो अमेरिकन अर्थसम्राट जे. पी. मॉर्गन बोटीवर नव्हता, हे खरं. पण कंपनीचा अध्यक्ष ब्रूस इस्मे होता. शिवाय बोट बांधणारा थॉमस अँड्र्यूज आणि गोदीतले आठ कारागीर पहिल्या सफरीतली किरकोळ दुरुस्ती करायला सोबत निघाले होते. बोट कुठली, हे या नऊ जणांपासून कुणालाच लपवता आलं नसतं. त्यांत चौघं उमेदवारी करणारी पोरं होती: एक सुतार, एक फिटर, एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन. नवांपैकी एकही परत आला नाही.