गायरानातला पट्टेरी भुंगा पिकाचा शत्रू नाही

'गायरानात पट्टेरी किडा आलाय, उद्या सोयाबीन-तूर फस्त करेल, आत्ताच फवारा' असा मेसेज भुंग्याच्या फोटोसह फिरतोय. फोटोतला किडा खरा आहे, भीती मात्र खोटी.

हा मेक्सिकन भुंगा, म्हणजे झायगोग्रामा. ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठा, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. गाजर गवताचं, म्हणजे काँग्रेस गवत या उपद्रवी तणाचं पान उलटून बघा, खाली पिवळसर अंडी आणि अळ्या सापडतील. गाजर गवत खाण्यासाठीच तो १९८०च्या दशकात मेक्सिकोहून बंगळुरूला मुद्दाम आणला. पुढे कर्नाटकात सूर्यफुलावर दिसला तेव्हाही अशीच ओरड झाली होती, पण गाजर गवताशिवाय त्याचा संसार चालत नाही. सोयाबीनवर खरंच छिद्रं असतील तर किडा नीट ओळखा, तो बहुधा दुसराच असणार.

फवारलंत तर फुकटचा मजूर मारलात!

अर्थात सगळं भुंग्यावर सोडूनही चालणार नाही. त्याचं काम पावसाळ्यात. हिवाळा-उन्हाळा तो मातीत झोपून काढतो, आणि गवत तेवढ्यात हजारो बी टाकून मोकळं. म्हणून गाजरासारखी कातरलेली पानं दिसली की पांढरी फुलं येण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटा. हातमोजे घालाच, अंगाला खाज सुटते. फुलावर आलेलं मात्र खतखड्ड्यात टाकू नका, बी तसंच शेतात परत येतं. मोकळ्या जागेत तरोटा (टाकळा) पेरला तर तो गवताला दाबतो.