अ‍ॅनाबाईंनी राजा मोंगकुटला ‘माणसात आणले’ नाही

आमच्या नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातला एक संदेश माझ्या नववीतल्या भाचीने शाळेच्या भाषणासाठी वहीत उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे : अहमदनगरला जन्मलेल्या अ‍ॅना लिओनोवेन्स यांनी सयामच्या (आजच्या थायलंडच्या) रानटी राजाला, म्हणजे मोंगकुटला, इंग्रजी शिकवून माणसात आणले, तो बायकांना तळघरात कोंडत असे आणि एकीला तर त्याने भिक्षूसह जिवंत जाळले, शिवाय लिंकनला त्याने लढाईसाठी हत्ती देऊ केले.

बाईंचा जन्म नगरचा, १८३१ चा, एवढे खरे. त्या स्वतः मात्र वेल्सचा सांगत.

राजा होण्याआधी मोंगकुट १८२४ साली भिक्षू झाले आणि २७ वर्षे चीवरात राहिले. पाली ग्रंथ मुळातून अभ्यासून त्यांनी थम्मयुत हा शिस्तीचा पंथ उभा केला, फ्रेंच बिशप पालग्वा यांच्याकडून लॅटिन घेतले आणि अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी. अ‍ॅनाबाई बँकॉकला पोहोचल्या १८६२ मध्ये, राजाच्या मुलांना शिकवायला. त्याच वर्षीचे २६ फेब्रुवारीचे नेमणुकीचे पत्र राजाने इंग्रजीतच लिहिले आहे, आणि भाषा व विज्ञान शिकवा, ख्रिस्ती धर्मांतर नको, अशी स्पष्ट अट त्यात घातली आहे. हे पत्र खुद्द बाईंनीच आपल्या १८७० च्या आठवणींत छापले आहे. मग राजाला इंग्रजी कोणी शिकवले, हा प्रश्नच उरत नाही.

जाळण्याची गोष्ट सर्वांत घातक, कारण ती एका माणसावर खुनाचा आरोप ठेवते. तिचा आधार बाईंचे १८७३ चे लेखन एवढाच. बँकॉकमध्ये तेव्हा परदेशी वकिलाती होत्या, मिशनरी होते. लोकांसमोर माणसे जाळली गेली असती, तर त्यांनी ते लिहून ठेवल्याशिवाय राहिले नसते. तळघरांचे तर बोलूच नये : नदीकाठच्या त्या दलदलीच्या जमिनीत थोडे खणले तरी पाणी लागते. राजाच्या अंतःपुरात पुष्कळ स्त्रिया होत्या आणि त्याला ८२ मुले झाली, हे नाकारता येत नाही. पण ज्यांना मूल नव्हते अशा स्त्रियांना राजवाडा सोडून जाण्याची मुभाही त्यानेच जाहीरनामा काढून दिली होती.

हत्तींचे पत्र १८६१ चे. अमेरिकेच्या रानात हत्ती वाढवून वाहतुकीला वापरावेत, अशी ती सूचना होती. लढाईचा त्यात संबंध नाही.

‘रानटी’ या शब्दाला उत्तर म्हणून मात्र १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पुरेसे आहे. त्या दिवशी चंद्राची सावली सकाळी आपल्या कोकणावरून गेली आणि पुढे सयामला पोहोचली. मोंगकुटनी ग्रहणाची वेळ आणि जागा स्वतः गणित करून आधीच काढली होती, आणि वा को या किनाऱ्यावरच्या गावी परदेशी पाहुण्यांना ते दाखवायला ते स्वतः गेले. तिथेच त्यांना हिवताप जडला. १ ऑक्टोबरला ते वारले, आणि सोबत गेलेला, तितकाच आजारी पडलेला अ‍ॅनाबाईंचा विद्यार्थी चुलालोंगकोर्न गादीवर आला.