शिकाऱ्याला माना कशाला?

माझा चुलतभाऊ दिवसभर रावेरच्या केळीच्या बागेत असतो, रात्री माझ्यासोबत वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळतो. परवा नवीन कॅरॅक्टर बनवताना विचारत होता, "भो, कोणता क्लास घेऊ? मारतात तर सगळेच." क्लास म्हणजे लढवय्याचा प्रकार. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

मारतात सगळेच. पण क्लासचा स्वभाव कळतो तो हेल्थच्या खालच्या दुसऱ्या पट्टीवरून. वॉरियरची रेज, म्हणजे राग, बघा. लढाईच्या सुरुवातीला पट्टी रिकामी. तुम्ही मारलं की भरते, मार खाल्ला तरी भरते, भांडण संपलं की हळूहळू उतरते. जत्रेतली कुस्ती आखाड्याला लागून बसून बघितलेल्याला हे समजवावं लागत नाही. पहिली पकड थंड असते, मानेवर एक सणसणीत थाप बसली की पैलवान तापतो. रोग (Rogue), म्हणजे लपून वार करणारा, त्याचं उलटं. त्याची एनर्जी आधीच भरलेली, शंभराची. दबा धरून थांबायचं आणि हात कधी टाकायचा तेवढं ठरवायचं.

हंटरवर, म्हणजे शिकाऱ्यावर, मात्र अन्याय झाला. २००४ मध्ये गेम आला तेव्हापासून २०१० पर्यंत तो माना (mana) या जादूच्या शक्तीवर चालायचा. बाण सोडायला मंत्रशक्ती! गेमच्या कॅटाक्लिझम या नव्या भागाच्या वेळी माना जाऊन फोकस, म्हणजे एकाग्रता, आला, तो आपोआप भरतो आणि स्टेडी शॉट हा बाण मारला की जास्त भरतो. आता कुठे नेम धरल्यासारखं वाटायला लागलं. पण त्याच वेळी बाण मोजून पिशवीत न्यायची गरजही काढून टाकली, ते मला आजही पटलेलं नाही. आमचे आजोबा ज्वारी राखायला मचाणावर बसायचे, गोफणीचे खडे निवडून सोबत घ्यायचे. खडे संपत आले की उगाच फिरवायचे नाहीत. आणि पाखरू अगदी जवळच्या ताटावर बसलं तर गोफण कामाची नाही, हाकारेच घालावे लागायचे. जुन्या हंटरलाही आठ यार्डांच्या आत बाण मारता यायचा नाही. लोक त्यावर चिडायचे, पण लांबून मारणाऱ्या माणसाची अडचण ती हीच.

२००८ नंतर एकसारखे बफ, म्हणजे साथीदारांची ताकद वाढवणारे मंत्र, बऱ्याच क्लासना वाटले गेले, कुठला मित्र रेडच्या, म्हणजे मोठ्या टोळीच्या लढाईच्या, बाहेर बसू नये म्हणून. हेतू चांगलाच होता. तरीपण ज्याला त्याला सगळंच दिलं की शेवटी नुसते कपडे वेगळे उरतात.

माझ्या मते सगळ्यात जमलेला क्लास म्हणजे २०१२ चा ब्रूमास्टर मंक. दारू पिऊन लढणारा. त्याला बसलेल्या माराचा एक भाग लगेच लागत नाही, पुढच्या काही सेकंदांत थोडाथोडा लागत राहतो. प्यायलेल्या माणसाला कुठे लागलं हे उशिराच कळतं ना! ज्याला हे सुचलं, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

भावाने तोच घेतला. काल रात्री साडेअकराला फोन आला, "भो, तो मारत होता तेव्हा काहीच नाही वाटलं. नंतर मी एकटा उभा होतो अन् पडलो."
"लागायच्या राहिलेल्या माराची पट्टी लाल झाली होती का?"
"हो ना, बघितलीच नाही मी."