भोंगा की डॉल्बी? या भांडणात आधी डेसिबल समजून घ्या

गणपती जवळ आले की हे भांडण पेटतंच. एक म्हणतो, "आधी मशिदीवरचे भोंगे उतरवा, मग आमच्या डीजेबद्दल बोला." दुसरा म्हणतो, "अजान तीन-चार मिनिटांची, तुमची मिरवणूक तीस तासांची." मग घटना, धर्मस्वातंत्र्याचं कलम २५, विज्ञान, हार्ट अटॅक, सगळं एकाच भांड्यात पडतं. मला यातलं सगळ्यात जास्त काय खटकत असेल, तर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मूळ नियम वाचलेला असतो, आणि डेसिबल म्हणजे काय हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक असतं. नियमात कुठल्याही धर्माचं नाव नाही. त्यात वेळ आहे, जागा आहे आणि आकडा आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. हे आकडे परिसराच्या आवाजाचे आहेत. ध्वनिवर्धकासाठी नियम ५ बघायचा: लेखी परवानगी हवी, आणि त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी गल्लीत दिवसा ६५. "७५ पर्यंत चालतं" असं जे सरसकट सांगितलं जातं ते निवासी भागाला लागूच होत नाही.

रात्रीचा नियम आणखी सरळ आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. इथे डेसिबल मोजायचा प्रश्नच येत नाही. सभागृहासारख्या बंद जागेत आतल्या आत चालतो, किंवा सार्वजनिक आणीबाणीत. त्यामुळे पहाटे सहाच्या आत भोंग्यावर दिलेली फज्रची अजान आणि पहाटे सहाच्या आत भोंग्यावर लावलेली काकड आरती या दोन्ही एकाच ओळीने बंद होतात. २०२२ साली भोंग्यांचा वाद तापला तेव्हा शिर्डीत साईमंदिराची रात्रीची शेजारती आणि पहाटेची काकड आरती ध्वनिवर्धकाविना झाली, ती याच नियमामुळे. एका बाजूचा भोंगा उतरवायला निघालेल्या अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की नियमाला दुसरी बाजूही आहे.

"पण सणाला बारापर्यंत सूट असते ना?" असते. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ठरवून रात्री १० ते १२ वापराची मुभा देऊ शकतं. मात्र ही सूट वेळेची आहे, आवाजाची नाही. उलट दहानंतर रात्रीचा रकाना लागू होतो, म्हणजे निवासी भागात ४५ अधिक १०, फक्त ५५. सूट मिळालेल्या दोन तासांत मर्यादा दिवसापेक्षा कडक होते! मंडळाचे कार्यकर्ते, बंदोबस्ताचे पोलीस आणि तक्रारदार या तिघांनाही बहुतेक वेळा हे माहीत नसतं.

आता डेसिबल. हे माप साध्या पट्टीसारखं नाही, ते गुणाकाराने चढतं. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, २० वाढले म्हणजे शंभरपट. कानाला मात्र दर १० डेसिबलला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून "८५ आणि ९५ मध्ये असा काय फरक आहे" हा युक्तिवाद फसवा आहे. फरक दहापट आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एवढ्या दोन गोष्टी हाताशी असल्या की अर्धं भांडण कागद-पेन्सिलने सुटतं.

करून बघा. भोंग्याचं साधारण चांगलं युनिट १ वॅटला १ मीटरवर १०६ डेसिबलच्या आसपास आवाज देतं. ३० वॅट लावले की १२० च्या वर. २ मीटरवर ६ वजा, ४ वर आणखी ६, असं करत ३२ मीटरवर ३० वजा, तरी ९१ उरतात. अडीचशे मीटरवरसुद्धा ७० च्या पुढेच. गंमत पुढे आहे: याच भोंग्याला फक्त १ वॅट दिला तरी ३२ मीटरवर ७६ भरतात, म्हणजे निवासी मर्यादेच्या ११ वर. थोडक्यात, घरांच्या दाटीत उंचावर लावलेला, बाहेरच्या बाजूला तोंड केलेला भोंगा मर्यादेत ठेवणं जवळजवळ अशक्य. तो मंदिराचा आहे, मशिदीचा आहे की प्रचारसभेचा, याने गणित बदलत नाही.

डीजेचं प्रकरण वेगळं आहे. सांगली-कोल्हापूरकडे ज्याला डॉल्बी म्हणतात ती ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंत मुख्यतः बेसवर, म्हणजे खर्जावर, चालते, आणि इथे कायद्याचं माप कमी पडतं. नियमातलं माप आहे डीबी(ए), म्हणजे 'ए' पद्धतीने मोजलेले डेसिबल. माणसाचा कान हळू आवाजात खर्ज कमी ऐकतो, म्हणून ए मापात खर्जाचे गुण कापले जातात. ६३ हर्ट्झला (सेकंदाला ६३ कंपनं) तब्बल २६ डेसिबल कापले जातात, ५० हर्ट्झला ३०. चौकात उभ्या राहिलेल्या भिंतीतून तुमच्या गॅलरीत ६३ हर्ट्झचे खरे ११० डेसिबल येत असतील, तर त्या बेसचे मीटरवर दिसतील ८४. खिडकीची तावदानं थरथरतात, फडताळातली भांडी एकमेकांवर वाजतात, छातीत ठोके बसतात आणि मीटर मात्र ८४ म्हणतो. मुरलेल्या ऑपरेटरला हे पक्कं ठाऊक असतं. पोलिसांची गाडी दिसली की तो 'टॉप' (वरच्या पट्टीचा आवाज) खाली घेतो, बेस तसाच ठेवतो. आकडा उतरतो, घर हलायचं थांबत नाही. खर्जाला भिंतीही फारशा अडवत नाहीत, कारण ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते. ती इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत पोचते.

फ्रान्सने यावर सरळ उपाय केला. तिथे संगीताच्या कार्यक्रमांना १५ मिनिटांच्या सरासरीवर दोन मर्यादा आहेत: १०२ डीबी(ए) आणि सोबत ११८ डीबी(सी). सी मापात खर्ज जवळजवळ कापला जात नाही, त्यामुळे बेसची पळवाट बंद होते. आपल्या नियमात सी माप आलं पाहिजे. डॉल्बीवर नुसती बंदी मागण्यापेक्षा ही मागणी कितीतरी जास्त उपयोगाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

वादात पुराव्यादाखल फेकल्या जाणाऱ्या दोन गोष्टींबद्दल. पहिली, ऑपरेटरचं "मिक्सरवर बघा, झिरो डीबीच्या खाली आहे". मिक्सरवरचा डीबी विजेच्या सिग्नलचा असतो, हवेतल्या आवाजाचा नाही. पुढे मशीनला (ॲम्प्लिफायरला) जेवढी ताकद, तेवढा आवाज. मिक्सरवरच्या आकड्यावरून हवेतला आवाज किती हे कळत नाही. दुसरी, मोबाइलच्या ॲपचा स्क्रीनशॉट. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. अनेक फोन खर्ज आपोआप गाळतात, मोठा आवाज आपोआप दाबतात, आणि आवाज फारच मोठा झाला की माइकच बसतो. अंदाज घ्यायला ॲप ठीक आहे, पण पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात तो आकडा टिकत नाही. त्यासाठी क्लास १ किंवा क्लास २ चं (अचूकतेचे प्रमाणित दर्जे) मीटर लागतं. मोजण्यापूर्वी ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासलेलं, माइकवर स्पंजची टोपी, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच, भिंतीपासून शक्यतो साडेतीन मीटर लांब. भिंतीजवळ मोजलं की परावर्तनाने आकडा साधारण ३ ने फुगतो आणि समोरचा वकील नेमकं तेच धरतो.

आणखी एक खाच आहे, सरासरीची. नियमातला आकडा 'एलईक्यू' (Leq) असतो, म्हणजे ठराविक काळातली ऊर्जेची सरासरी. पण किती काळाची? पावणेचार मिनिटांचा आवाज तासाच्या सरासरीत टाकला की १२ डेसिबलने उतरतो. वीस मिनिटांची आरती ५ ने उतरते. ज्याला जे झाकायचं आहे, तो त्याप्रमाणे काळ निवडतो. म्हणून कोणीही आकडा सांगितला की तीन प्रश्न विचारा: कुठे मोजला, किती वेळ मोजला, ए की सी?

धर्माच्या मुद्द्यावर न्यायालयांनी काही धूसर ठेवलेलं नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं प्रकरण मद्रासमधल्या एका चर्चचं होतं. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाही धर्म सांगत नाही, हे न्यायालयाने तेव्हाच म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा २३ जानेवारी २०२५ ला सांगितलं की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. कलम २५ घेऊन येणाऱ्यांनी त्याची सुरुवात वाचावी: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. इतिहासही हेच सांगतो. टिळकांनी १८९३ च्या सुमारास गणेशोत्सव सार्वजनिक केला तेव्हा आजच्यासारखा ध्वनिवर्धक जन्मालाही आला नव्हता. आणि लाउडस्पीकर आला तेव्हा भारतीय उपखंडातल्या अनेक उलेमांनी नमाजात तो वापरायला सुरुवातीला हरकतच घेतली होती. भोंगा दोन्हीकडे बाहेरून आलेलं यंत्र आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या ध्वनिप्रदूषणावरच्या निकालाचं मूळ मात्र सगळ्यांना कळायला हवं. १३ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. शेजारी लाउडस्पीकर वाजत होता आणि तिच्या किंकाळ्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. तिने त्याच संध्याकाळी जाळून घेतलं. १९९८ च्या जानेवारीत ही बातमी आली आणि तिच्यामुळे ती याचिका दाखल झाली. "थोडा आवाज झाला तर काय बिघडलं" असं लिहिण्यापूर्वी हे आठवावं.

आता आपल्याच, म्हणजे आवाजाविरुद्ध बोलणाऱ्यांच्या, बाजूने होणाऱ्या अतिशयोक्तीबद्दलही बोललं पाहिजे. "डीजेने हार्ट अटॅक येतो" हे वाक्य सरसकट वापरू नका. वर्षानुवर्षांचा वाहतुकीचा गोंगाट आणि हृदयविकार यांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे, पण त्यावरून अमक्याचा मृत्यू अमक्या मिरवणुकीमुळे झाला हे सिद्ध होत नाही. समोरचा तेवढं एक वाक्य पाडतो आणि तुमचं सगळं म्हणणं पडतं. कानाचं नुकसान मात्र निर्विवाद आहे. ८५ डीबी(ए) आठ तास ही अमेरिकेतल्या नायॉश संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकांत विसर्जनाचा आवाज मोजतात, तिथली सरासरी अलीकडच्या वर्षांत ९० च्या वर राहिली आहे.

यात ढोल-ताशाही आला. "आमचं पारंपरिक आहे" म्हणून कान सुटत नाहीत, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या नियमात वाद्यंही आली आहेत. पथकात १०० डेसिबलमध्ये सहा तास वाजवणारी मुलगी १५ मिनिटांच्या मर्यादेच्या चोवीसपट आवाज घेत असते. पथकांनी फोमचे इअरप्लग सक्तीचे करावेत. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सारून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. कापसाच्या बोळ्याने जेमतेम काही होतं.

ज्यांना खरंच नियमात राहायचं आहे अशा देवस्थानांना आणि मशिदींना मार्ग आहे. कळसावरचे किंवा मिनारावरचे भोंगे काढा. त्याऐवजी आवारातच, डोक्याच्या थोडं वर, आतल्या बाजूला आणि खाली तोंड करून जास्त संख्येने छोटे कॉलम स्पीकर लावा. शंभर व्होल्टच्या स्पीकर-लाइनवर प्रत्येकाला ३ ते ५ वॅटची जोडणी (टॅप) पुरते. ऐकणारा दोन-तीन मीटरवर असला की आवाज वाढवावाच लागत नाही. मशीनच्या आधी लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं उपकरण) बसवा, हद्दीवर मीटर धरून तो सेट करा आणि त्याला पासवर्ड लावून विश्वस्तांकडे ठेवा. आवाज मशीनच्या नॉबवरच सोडला की दर सणाला तो थोडा पुढे सरकतो.

मिरवणुकीसाठी मात्र ५५-६५ हा आकडा मला अव्यवहार्य वाटतो. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं, आणि नुसती गर्दीच त्याच्या कितीतरी वर जाते. जो नियम कोणालाच पाळता येत नाही, तो कोणावर लावायचा हे मग बंदोबस्तावरचा अधिकारी ठरवतो, आणि "आमच्यावरच का" ही भावना तिथेच जन्मते. मिरवणुकीला वेगळी, गाठता येण्याजोगी, ए आणि सी दोन्ही मापांतली मर्यादा ठेवा आणि ती सगळ्यांना सारखी लावा.

शेवटी तक्रारीचं. "पाच वर्षं तुरुंगवास" हा फिरणारा मेसेज जुना झाला. जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम १५ बदललं, १ एप्रिल २०२४ पासून तिथे १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे. दवाखान्यापासून १०० मीटर म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र, हेही २०१७ च्या दुरुस्तीनंतर राहिलेलं नाही, राज्याने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. तक्रार ११२ वर करा. २०२५ च्या निकालाप्रमाणे पोलिसांनी तक्रारदाराची ओळख उघड करायची नाही, हे फोनवरच सांगा. ठिकाण, आवाज सुरू झाल्याची वेळ, तुमच्या घरापासूनचं अंतर, आणि रात्री १० नंतर (सणाची सूट नसताना) किंवा सकाळी ६ च्या आत असेल तर तेवढं ठळकपणे सांगा, कारण त्या वेळी मीटरची वाट बघायची गरज नसते. मग त्याच वेळा घातलेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.