तिसरा टब

सॅन होजेला राहणाऱ्या आमच्या चिरंजीवांचं मत असं, की बाबा टूरबरोबर फिरतात, पण बघत काही नाहीत. बसमधून उतरतात, चहा कुठे मिळेल ते विचारतात आणि परत चढतात. म्हणून या एप्रिलमध्ये त्यानं आम्हा दोघांना लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को अशा दहा दिवसांच्या तंबूतल्या सहलीत घातलं. मुलाला शाळेत घालतात, तसं. बारा माणसं, एक व्हॅन, मागे सामानाची ट्रॉली. "छोटा ग्रुप आहे, घरच्यासारखं वाटेल," म्हणाला.

घरच्यासारखं म्हणजे काय, ते पहिल्याच संध्याकाळी जोशुआ ट्री नॅशनल पार्कात कळलं. गाइड म्हणजे सव्विसेक वर्षांची पोरगी. व्हॅनही तीच चालवायची. तिनं पिशवीतून पुठ्ठ्याचं एक चक्र काढलं. मधोमध टाचणी, आतल्या चकतीवर सहा जोड्यांची नावं, बाहेर सहा खण: स्वयंपाक, भाजी चिरणे, भांडी, बर्फ-पाणी, व्हॅन झाडणे आणि आराम. तिनं चकती फिरवली. आम्ही भांड्यांसमोर थांबलो.

"अहो," ही शांतपणे म्हणाली, "बत्तीस वर्षं मी घासली. मी सुट्टीवर आहे."

सहलीला जेवढे पैसे भरले, तेवढ्यात साताऱ्याला भांड्यांच्या बाईचा सात-आठ वर्षांचा पगार निघाला असता. पण हा हिशेब तिथल्या पिवळट खडकांना सांगून काय उपयोग? तळावर नळ नाही, मोरी नाही. पाणी कॅनमधून आणलेलं. म्हणून तीन टब. पहिल्यात साबणाचं गरम पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात ब्लीचचे थेंब टाकलेलं. ताट एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात बुडवायचं आणि हवेत हलवून वाळवायचं. सहा ताटांनंतर पहिल्या टबात बीन्सची आमटी तयार होते. ही खुर्चीत बसून बघत होती. "वरून धार नाही सोडायची? मग ती खरकटीच की हो!" तिसऱ्या टबाबद्दल तर तिनं तोंडच फिरवलं. त्या रात्रीपासून ती हातात ताट घेतलं की आधी वास घेऊन बघायची.

दुसऱ्या दिवशी चोया निवडुंगाच्या बागेत गेलो. लांबून मऊ, लोकरी दिसणारं झाड. ग्रुपमधले एक जर्मन गृहस्थ फोटोसाठी एक पाऊल मागे सरकले आणि पोटरीला तो काटेरी गोळा घेऊनच पुढे आले. हातानं ओढायला गेलं, तर तो बोटात रुततो. गाइड व्हॅनमध्ये पक्कड शोधत असताना हिनं पर्समधली फणी काढली, गोळ्याखाली सरकवली आणि ऊ काढावी तसा झटक्यात उडवला. गाइड म्हणाली, पार्कवालेसुद्धा हेच सांगतात, फणी वापरा. तेव्हापासून ही ग्रुपची वैद्यकीय अधिकारी झाली. मी मात्र भांडीवालाच.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कडेचा तळ सात हजार फुटांवर. दिवसा टोपी घालून फिरलो आणि रात्री पाणी गोठायला लागलं. दोन स्वेटर, कानटोपी आणि वर स्लीपिंग बॅगची चेन हनुवटीपर्यंत. दोन वाजता उठावं लागलं, तेव्हा आधी बॅगची चेन, मग आतल्या तंबूची, मग बाहेरच्या तंबूची. तिसरी चेन कापडात अडकली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माणसाला तीन चेनींचं अंतर परवडत नाही, एवढंच सांगतो.

सकाळी कड्यावर गेलो. मैलभर खोल दरी. तळाच्या काळपट खडकांना विष्णूचं नाव, वय पावणेदोन अब्ज वर्षांच्या आसपास. शिखरांनाही विष्णू, ब्रह्मा आणि शिव यांची नावं दिलेली. हिनं चपला काढून नमस्कार केला. मी परत आलो ते तव्याला चिकटलेलं अंडं खरवडायला.

तेवढ्यात बाकावर ठेवलेलं भडंगाचं पाकीट एका डोमकावळ्यानं उचललं. आधी बाजूला येऊन उभा राहिला, लेबल वाचल्यासारखं केलं आणि चोचीत धरून शिस्तीत गेला. मला एकदम वडिलांचा दहावा आठवला. वाईच्या घाटावर आम्ही पिंडाभोवती सव्वा तास हात जोडून उभे होतो. सगळी आश्वासनं देऊन झाली, तरी एक कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा करावा लागला. आणि इथं न बोलावता!

ॲरिझोनातल्या पेज नावाच्या गावी चक्रानं आम्हाला स्वयंपाकावर टाकलं. पाचला उठून पाणी उकळायचं होतं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही. शेजारचं युटा करतं, नवाहो आदिवासींचा प्रदेशही करतो. माझ्या फोननं रात्रीतून कुठल्या टॉवरचं ऐकलं कोण जाणे. मी उठलो, शेगडी पेटवली, बारा कप मांडले. उजाडेचना. गाइड तंबूतून डोकं काढून म्हणाली, "सर, चार वाजलेत." पाणी पाचपर्यंत तीनदा उकळलं.

डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीपासून २८२ फूट खाली उभं राहून फोटो काढले. तिथल्या फर्नेस क्रीकला १९१३ साली ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आम्हाला त्या मानानं गारवाच मिळाला, म्हणजे भांडी हवेत न हलवता वाळली.

सॅन फ्रान्सिस्कोला हॉटेल होतं. गोल्डन गेट धुक्यात निम्मा गडप, वारा असा की कानटोपी पुन्हा बाहेर. पण खोलीत नळ होता. मी तो सोडून नुसताच बघत उभा राहिलो. निरोपाच्या जेवणात गाइडनं ग्रुपच्या मतानं हिला आठवण म्हणून ते पुठ्ठ्याचं चक्र दिलं.

आता ते साताऱ्यात आमच्या फ्रीजवर ग्रँड कॅन्यनच्या मॅग्नेटनं लावलेलं असतं. बाई दांडी मारते, त्या दिवशी ही त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. आतल्या चकतीवर आता दोनच नावं आहेत. हिचं 'आराम'समोर, माझं 'भांडी'समोर. परवा ही देवळात गेली असताना मी चकती फिरवून पाहिली. टाचणी मागून फेव्हिक्विकनं चिकटवलेली आहे.