सगळे आले का?

उन्हाळ्याच्या सुटीत मित्रमंडळींबरोबर एखाद्या शहरात आठवडा काढायचा, म्हणजे शहर बघायचं, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात हा आठवडा उभं राहण्यात जातो. लॉबीत उभं राहायचं, कारण एकाची आंघोळ व्हायचीय. कोपऱ्यावर उभं राहायचं, कारण दोघं सिग्नलच्या पलीकडे अडकलीत. स्वच्छतागृहाबाहेर उभं राहायचं, कारण एकीला जायचं होतं आणि ती आत गेल्यावर उरलेल्या तिघांनाही आठवण झाली. बघायच्या जागांची यादी कुणीही करतं. माझं मत विचाराल तर ज्याला उभं राहण्याची नीट व्यवस्था लावता येते, ग्रुपची सूत्रं त्याच्याच हाती द्यावीत.

आधी गणित. समजा सहा जण आहेत आणि त्यातला प्रत्येक जण दहापैकी नऊ वेळा वेळेवर येतो. (हा भलताच उदारपणा झाला, पण मैत्रीखातर करू.) तरीही सहाच्या सहा जण ठरल्या वेळी हजर असण्याची शक्यता निघते फक्त ५३ टक्के. दहापैकी आठ वेळा येणारी मंडळी असतील तर २६ टक्के. म्हणजे चारपैकी तीन सकाळी कुणीतरी उशिरा येणारच, आणि यात दोष कुणाच्या संस्कारांचा नाही, गुणाकाराचा आहे. तेव्हा ‘आठला निघू’ या वाक्याला काडीचा अर्थ नाही. ‘आठला जे खाली असतील ते निघतील, बाकीच्यांनी साडेनऊला अमुक ठिकाणी भेटावं’ याला आहे. ते अमुक ठिकाण निवडताना तीन गोष्टी बघायच्या: सावली, टेकायला कठडा आणि हाकेच्या अंतरावर स्वच्छतागृह. ‘मेन गेटपाशी’ असं चुकूनही सांगू नये. मोठ्या जागेला मेन गेट निदान दोन असतात. निम्मी मंडळी एकीकडे, निम्मी दुसरीकडे, आणि दोन्ही तुकड्या एकमेकींना फोनवर ‘अरे, आम्ही मेन गेटलाच आहोत’ असं छातीठोकपणे सांगत असतात.

उशिराचं उगमस्थान बाथरूम. माणशी २० मिनिटं धरली तर सहा जणांचे दोन तास होतात. आठला निघायचं तर पहिल्याने सहाला आत शिरायला हवं. तो पहिला मान कुणालाच नको असतो आणि शेवटचा सगळ्यांना हवा असतो. उपाय सोपा आहे: निम्म्यांनी रात्री आंघोळ करायची. उन्हाळ्यात दिवसभर फिरून आलेल्या माणसाने रात्री आंघोळ करावी, यात बाकीच्यांचंही हित आहे. टॉवेल रात्रीच खिडकीपाशी पसरायचे. बाथरूममध्येच लटकवून ठेवले की दुसऱ्या दिवशी ओले, आणि चौथ्या दिवशी त्यांचा वास त्यांच्या मालकाआधी खोलीत येतो.

यानंतरचा प्रश्न म्हणजे ‘आज कुठे जायचं?’ यावर पाच जण म्हणतात, ‘मला कुठेही चालेल.’ इतकं धोकादायक वाक्य दुसरं नाही. जेरी हार्वे या अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञाने १९७४ साली याचा एक नमुना लिहून ठेवलाय. टेक्सासमधलं कोलमन नावाचं गाव, जुलै महिना, पारा ४० अंशांवर, आणि घरातली चार माणसं पंख्याच्या वाऱ्यात डॉमिनोज खेळत सुखात बसलेली. सासरे म्हणाले, अ‍ॅबिलीनला जाऊन जेवून येऊ. मुलगी म्हणाली, छान कल्पना. जावई म्हणाला, सासूबाईंची इच्छा असेल तर. सासूबाई म्हणाल्या, आहेच मुळी. मग एसी नसलेल्या गाडीतून ५३ मैल जाऊन, सुमार जेवून, तितकेच मैल परत. घरी पोचल्यावर घामाधुळीतून जे सत्य बाहेर पडलं ते असं, की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनाही नव्हतं, बाकीचे कंटाळले असतील म्हणून त्यांनी आपलं सुचवलं होतं.

मित्रांच्या आठवड्यात असं अ‍ॅबिलीन रोज एक घडू शकतं. ते टाळायचं तर ‘कुठे जायचं’ असं मोघम विचारायचंच नाही. ‘किल्ला की नदीकाठ?’ असं दोन नावं घेऊन, आणि तेही आदल्या रात्री विचारायचं. ग्रुपवर पोल टाकायचा असेल तर पर्याय तीनच. सात पर्याय दिले की प्रत्येकाला एकेक मत पडतं आणि सातवा पर्याय कुणी टाकला यावर चर्चा रंगते. आणि एक नियम दगडावर कोरून ठेवावा: ‘नको’ म्हणणाऱ्याने त्याच वाक्यात दुसरं नाव सुचवायचं. या एका नियमाने निम्मे विरोधक जागच्या जागी गप्प होतात. उंटावरून शेळ्या हाकायची मजा उंट आहे तोवरच.

आता ऊन. सर्वात जास्त ऊन बाराला आणि सर्वात जास्त तापमानही बाराला, असं धरून लोक एकला जेवून दोनला ‘आता उतरलं असेल’ म्हणत बाहेर पडतात. सूर्य माथ्यावरून कलला तरी जमीन उष्णता साठवतच राहते, त्यामुळे पारा साधारण दोन ते चारच्या दरम्यान टोक गाठतो. म्हणजे ही मंडळी नेमकी मुहूर्त काढून निघाल्यासारखी निघतात. शहरात आणखी एक भानगड आहे. डांबर आणि काँक्रीट दिवसभर खाल्लेली उष्णता रात्री सावकाश बाहेर टाकतात, म्हणून शहराची रात्र आसपासच्या खेड्यांपेक्षा गरम. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान-अभ्यासकाने लंडनच्या बाबतीत हा फरक मोजून दाखवला, त्याला दोनशे वर्षं झाली. तेव्हा ‘संध्याकाळी सातला मस्त गार होईल’ या आशेवर फार मोठी चाल आखू नये. उघड्यावरचं जे काही बघायचं ते सकाळी सात ते अकरा, मधला वेळ छपराखाली, आणि पुन्हा बाहेर पडायचं ते साडेपाचनंतर. घड्याळ नसेल तर स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे. अशा वेळी अतिनील किरणं जोरात असतात.

सावलीतून चालणं ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि ती कुणी शिकवत नाही. उत्तर-दक्षिण रस्त्यावर सकाळी पूर्वेकडचा फूटपाथ सावलीत असतो, कारण उन्हं पूर्वेकडून येतात तेव्हा त्याच बाजूच्या इमारती आपल्या पायाशी सावली पाडतात. दुपार कलली की पश्चिमेकडचा. पूर्व-पश्चिम रस्ता असेल आणि शहर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असेल, तर दक्षिणेकडचा. उष्ण कटिबंधात मात्र ऐन उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो. तिथे दोन्ही फूटपाथ समभावाने भाजून काढतात, सरळ आत कुठेतरी शिरावं. हे सगळं सांगून तुम्ही सावलीच्या बाजूला वळलात की मागून कुणीतरी म्हणणारच, ‘अरे, पण आपल्याला तर पलीकडे जायचंय!’ हो, पण ते अर्ध्या किलोमीटरवर आहे. शेवटी रस्ता ओलांडायचाच आहे. तो होरपळून ओलांडायचा की न होरपळता, एवढाच प्रश्न असतो.

सनस्क्रीन बहुतेक जण वापरतात, पण अत्तर लावावं तसं. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीएवढ्या दोन रेघा लागतात. निघण्याआधी १५-२० मिनिटं लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं आणि घाम पुसला की त्याच्याही आधी. बाटलीवरचा आकडा याच मापाच्या थराला लागू होतो. पाव थर लावून पन्नासाच्या भरवशावर राहू नये. आणि कान. कान सगळेच विसरतात आणि रात्री उशीवर डोकं टेकताच ते आपली आठवण करून देतात.

पाण्याबाबत ग्रुपमध्ये दोन पंथ असतात. एक पंथ सकाळी लिटरभर पाणी एकदम ढोसून मोकळा होतो, दुसरा स्वच्छतागृहाच्या भीतीने पितच नाही. दोन्ही चूक. कडक उन्हात दर १५-२० मिनिटांनी कपभर, म्हणजे तासाला साधारण पाऊण ते एक लिटर, असं थोडं थोडं प्यावं. घाम फार गेला असेल तर ओआरएस. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच अख्खं पाकीट टाकायचं. ‘अर्धं तू घे, अर्धं मी घेतो’ हा बंधुभाव इथे नको, कारण डोळ्यांच्या अंदाजाने अर्धं केलेलं मीठ-साखरेचं प्रमाण कुणाच्याच बाटलीत बरोबर उतरत नाही. आणि स्वच्छतागृह दिसलं की गरज असो-नसो, सगळ्यांनी जाऊन यायचं. ‘मला आत्ता नाही लागलेली’ म्हणणाऱ्याला बरोबर बारा मिनिटांनी, बस सुरू झाल्यावर लागते.

पायांकडे येऊ. सहलीसाठी नवे बूट घेणाऱ्याला समजावण्यात अर्थ नसतो, फक्त त्याच्या पिशवीत चिकटपट्टी आहे ना ते बघावं. फोड येतो तो ओल्या कातडीवर पुन्हा पुन्हा घासल्याने. येण्याआधी ती जागा गरम लागायला लागते, झोंबते. पट्टी लावायची ती त्याच क्षणी, थांबून. पण ग्रुपला थांबवायचा संकोच वाटतो, ‘पुढे बघू’ म्हणत माणूस आणखी दोन किलोमीटर रेटतो, आणि मग पुढचे तीन दिवस सगळा ग्रुप त्याच्या चालीने चालतो. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढायची नाही. खालच्या जखमेला तिच्यासारखं पांघरूण नाही. मांड्या घासण्याचा विषय कुणी काढत नाही, पण तिसऱ्या दिवशी निम्मी मंडळी फेंगडी का चालतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. सकाळी कपडे घालण्याआधी बोटभर पेट्रोलियम जेली लावली की हा प्रश्न सुटतो. एवढी स्वस्त आणि एवढी अबोल मैत्री दुसरी नाही.

प्रवासात पाच हा सर्वात वाईट आकडा. साध्या टॅक्सीत चार माणसं मावतात. पाचवा आला की एक तर दोन गाड्या करा, नाहीतर त्याला मांडीवर घ्यायच्या बेकायदेशीर सूचना ऐका. आठवडा ठरवतानाच चार, नाहीतर सहा-आठ करावेत. लोकल किंवा मेट्रोला दार बंद होताना ताटातूट होतेच, म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावं: जे गाडीत चढले त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच फलाटावर थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने तिथे यायचं. परत कुणीही फिरायचं नाही. हे ठरलेलं नसलं की चढलेले काळजीने मागे येतात, राहिलेले काळजीने पुढे जातात आणि समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांतून एकमेकांना हात करतात. चालण्याच्या वेळेलाही दीडने गुणावं. फोनवरचा नकाशा एकट्या माणसाच्या हिशेबाने २० मिनिटं सांगतो. सहा जण, दोन सिग्नल आणि एक फोटो धरून अर्धा तास कुठे गेला नाही.

फोटोपुरतं विज्ञान आपल्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियाच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना एकाचेही डोळे मिटलेले नसावेत म्हणून किती फोटो काढावेत, याचं गणित मांडल्याबद्दल २००६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं आणि चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागायचं, उजेड कमी असेल तर दोनने. म्हणजे सहा जणांना उन्हात दोन फोटो पुरतात. हे छापून जवळ ठेवावं आणि तेरावा फोटो काढणाऱ्याला दाखवावं. फोन उन्हात धरला की तापतो. आयफोनसाठी तर कंपनीनेच वापरायचं तापमान शून्य ते ३५ अंश सांगितलंय; त्यापुढे पडदा मंदावतो, चार्जिंग थांबतं. त्याला सावलीत ठेवून कव्हर काढावं, फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरतं. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५,००० चा फोन दोनदा भरत नाही, जेमतेम दीडदा भरतो, कारण मधल्या रूपांतरात काही वीज उष्णता होऊन जाते. तेव्हा ‘माझ्याकडे आहे ना’ म्हणणाऱ्यावर सहा फोन सोपवू नयेत.

दुपारी छपराखाली म्हणजे बहुधा संग्रहालय. आधी सुटीचा वार बघा. पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या वेळेआधी अर्धा-एक तास थांबतो, हे दारावर वाचण्यापेक्षा घरी वाचलेलं बरं. आत गेल्यावर दीड तास पुरे. बेंजामिन गिलमन या बॉस्टनच्या संग्रहालयातल्या अधिकाऱ्याने १९१६ साली संग्रहालयातल्या थकव्यावर लिहिताना एका माणसाचे फोटोच छापले होते: कपाटातल्या वस्तू बघण्यासाठी वाकलेला, उकिडवा बसलेला. थकवा कलेचा नसतो, कमरेचा असतो. म्हणून दालनात बाक दिसला की बसावं, मग समोर काय टांगलंय ते बघावं.

हिशेबाचं घोंगडं भिजत ठेवू नये. सगळ्यांनी पहिल्या दिवशी सारखी वर्गणी काढायची, एक खजिनदार, आणि पाकिटात पाव भाग उरला की पुन्हा सारखीच भर. वैयक्तिक खरेदी यातून नाही. वेगवेगळ्यांनी खर्च केलाच असेल तर तो त्याच रात्री लिहून काढायचा. तिसऱ्या दिवशी ‘ते तू दिलेस की मी?’ ला उत्तर नसतं. शेवटी कुणी कुणाला किती द्यायचे याच्या पंधरा जोड्या मांडत बसू नका. प्रत्येकाने केलेला खर्च वजा त्याचा वाटा, एवढाच एक आकडा काढा. सगळ्यांचे आकडे मिळून शून्य आलं पाहिजे, आणि सहा जणांचे व्यवहार जास्तीत जास्त पाच देण्याघेण्यांत मिटतात. शून्य आलं नाही, तर एकाची पावती अजून खिशात आहे. ती धुवायच्या कपड्यांत शोधावी.

खोली सोडताना तीन जागा तपासायच्या: पलंगामागचा प्लग, बाथरूमच्या दारामागची खुंटी आणि फ्रिज. चार्जर सगळे एका ठिकाणी आणून मोजायचे. सहा जणांचे पाच निघाले तर पलंगामागे पुन्हा बघा. सात निघाले तर सातव्यावर लगेच दोघं हक्क सांगतील, तेवढ्यात टॅक्सीचा हॉर्न वाजेल, आणि तो तिथेच राहील.